शेवळांसोबत काकडं

वागळे इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
जिथे पूर्वी स्क्रू बनायचे
तिथे मी आता भाज्यांची नोंद करते.
खिडकीच्या गजांना अजून तेलाचा वास येतो,
आणि स्क्रीनवर चौकोन:
नाव. गाव. पिन. माल. एकक.

चांगुणा भला, टेंभाचीवाडी, तालुका शहापूर.
फोन नातवाचा.
नातू गुरं घेऊन वर गेला
की फोनही डोंगरावर.

नकाशाने तिचं घर भातसा नदीत टाकलं.
दोनदा उचलून मी ते काठावर ठेवलं.
तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "राहू दे पोरी.
गाडीवाल्याला सांग, मोहाखाली उभा राहा.
मोह कुठं जात नाय."

एककाच्या चौकोनात किलो होता, ग्रॅम, डझन, नग.
"मावशी, किलोनं द्याल ना?"
"मी वाटा देते."
"वाटा म्हणजे किती?"
बराच वेळ फोनमधून फक्त कोंबडी बोलली.
मग, "एका घराला एका रातीला पुरंल येवढा.
घरात माणसं किती, ते तू विचार त्यांना."

प्रणीतला म्हटलं, यादीत वाटा घाल.
तो म्हणाला, व्याख्या दे.
मी दिली, जशीच्या तशी.
त्याने कान खाजवला
आणि अडीचशे ग्रॅम लिहिलं.

तर पहिल्या आठवड्यात
घोडबंदरच्या टॉवरांत छत्तीस वाटे शेवळं गेली,
मिटलेल्या जांभळट छत्र्यांसारखी,
पळसाच्या पानात, वर ठिपक्याठिपक्यांचा कोड:
मोबाइल धरला की चांगुणाबाईचा फोटो,
त्यात ती फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली.

काकडं सिस्टीमने वेगळी ठेवली होती.
सदर: फळे. आवळ्याच्या खाली.
कुणी घेतली नाहीत.

रात्री साडेनऊपासून तारे यायला लागले.
एक तारा. एक तारा.
शून्य देता येत नाही म्हणून एक.
घसा खाजतोय. मुलाची जीभ सुजली.
बाविसाव्या मजल्यावरून: हे विष आहे का?
आणि कुणीतरी आपल्या सासूचा आवाज पाठवला,
मागे कुकरची शिट्टी,
"अगो, पण काकडं कुठायत?"
त्या रात्रीचा तेवढाच कामाचा प्रश्न.

सकाळी मोहाखालून फोन.
मी आधीच माफी मागायला लागले.
तिला राग नव्हता आला, तिला कळतच नव्हतं.
"शेवळाला खाज, काकडात तिचा उतारा,
हे लेकराला पण ठावं.
वेगळी केली कुणी?
माझ्या टोपलीत तर एकातच होती."

मला आठवलं, आई जांभळी नाक्यावर भाजी घ्यायची.
पैसे देऊन झाल्यावर टोपलीवाली
वरून चार हिरवी आंबट फळं टाकायची.
मला वाटायचं, ही फुकट देते.
आईही तसंच समजायची बहुतेक,
कारण ती प्रत्येक वेळी पाचवं मागायची.

प्रणीत जेवणाच्या सुट्टीतही टाइप करत बसला.
आता शेवळं निवडली की काकडं आपोआप येतात.
ती काढून टाकायचं बटण आम्ही ठेवलेलं नाही.
यावरही तक्रारी आहेत.
असू देत.

काल पैसे जमा झाल्याचा मेसेज गेला.
तासाभराने तिचा फोन,
नातवाने वाचून दाखवलं, आकडा बरोबर आहे.
मी दुसरी फाइल उघडलीसुद्धा होती.
"आणि ती वरच्या माळ्यावरची,
तिच्या पोराची जीभ बसली का?"

मी ऑर्डर शोधली.
दिली, पोचली, परतावा झाला.
पुढे चौकोन संपले होते.

"थांबा मावशी," म्हटलं,
"विचारून सांगते,"
आणि बाविसाव्या मजल्याचा नंबर
कागदावर उतरवून घेतला.