आयतं पाणी

पूस महिना. चुलीपुढं अनसूयाकाकू
बेत आखते उनकेश्वराचा:
घाटंजीहून पहिली एसटी, पुढं काळीपिवळी,
दशम्या, ठेचा, एक जादा लुगडं.
सोमवारी? बाजार.
मंगळवारी वेचणी, अन् रात्री लाइन येते, ओलित.
बुधवारी मंग.

मी मोबाइलवर दाखवतो
दूरदेशीचे फवारे, बर्फ फोडून
निंबाएवढे उसळणारे.
ती डोळे बारीक करते.
"जाळ कोन लावते तिथं?"
कोणीच नाही.
"पहाटचं उठून?"
कोणीच नाही, काकू.

फुकणी हातातच राहते.
अंगणात तिघं जण
दुपट्टे खांद्यावर टाकून उभे,
गंजातलं पाणी अजून कोमट.

"बुधवारी पक्कं," ती म्हणते,
"आंघोळीचं राहू दे.
नुसता हात घालून पाहाचा हाय मले
त्या आयत्या पाण्यात."