भूल

टेबलावरच्या माणसाला बाकीचे लोक
शंभरापासून उलटं मोजायला लावतात.
जयेंद्र घरत विचारायचा,
तुमच्या गावात झाडं कुठली?
भूल डॉक्टरांची, बोलणं याचं.
माणूस काजू म्हणे, मग फणस,
तिसऱ्या झाडाखाली निजून जाई.

रिकाम्या बाटल्या मोजून वहीत मांडणं माझ्याकडे.
एक कमी भरली.
हातातून निसटली, सिस्टर, तो म्हणाला.
मी लिहिलं: फुटली, एक.
मार्चात तीन.
मे उजाडेपर्यंत ‘फुटली’ हा शब्द
माझ्या हातून फार सुबक येऊ लागला.
काचा कुणी झाडल्या, हे मी विचारलं नाही.
घणसोली गावातला गुणी पोर,
रात्रपाळीला कधी नकार नाही.

मग तो केस अर्धी टाकून बाहेर जाऊ लागला.
आधी तासाने, मग वीस मिनिटांनी.
चहा सोडला. पाणीही.
ऐरोलीहून घरी जाताना एवढ्याशा वाटेत
रबाळ्याच्या कंपन्यांच्या भिंतींआड
दोनदा बाईक थांबवायचा,
आणि खाली बघायचा नाही, रंग कुठला ते.

प्रणिता आली एकदा, त्याचा विसरलेला डबा घेऊन.
म्हणाली, मुलीला आणायला गेले होते हे,
शाळेच्या गेटवर उभे राहून
तिची इयत्ता आठवत बसले.

सोनोग्राफीवाल्याने बोटांनी माप दाखवलं:
मूत्राशयात आता कटिंगचा ग्लासही मावत नाही.
जयेंद्र हसला.
दुखू नये म्हणून घ्यायचो थोडं.
आता दुखणं तेवढं जागं असतं, सिस्टर, रात्रभर.

औषधवाल्याच्या बिलाखाली छापलेलं असतं,
चूकभूल द्यावी घ्यावी.
पंचवीस वर्षं त्याच्यावरच सही करते आहे.
देणारी कोण, घेणारी कोण,
यंदा पहिल्यांदा पेन अडला.

काल तो टेबलावर होता, आमच्याच.
सवयीने माझ्या तोंडून गेलं,
जयेंद्र, गावात झाडं कुठली रे?
चिंच, म्हणाला. ताड. भेंड. शेवगा.
डॉक्टरांनी डोस वाढवला.
उंबर. जांभूळ. खाडीकडे तिवर.
अजून वाढवला.
तोडलेली पण सांगू का?
तीही सांगितली. डोळे उघडेच.
सगळी झाडं संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला,
वहीत नीट लिहा, सिस्टर,
आज खरं किती लागलं ते.