मागील अनुभव : इतर उद्योग

चौदा वर्षं मी माणसं मोजली
तांबड्या धुळीत.
कुडचड्याच्या ऑफिसात फाइलींच्या कडा तांबड्या,
पंख्याची पाती तांबडी,
आणि रात्री केस धुतले की मोरीतून जायचा
तो कंपनीचाच माल, असं आई म्हणायची.

केळशीच्या हॉटेलात मुलाखत घेतली एका पोरानं.
पोर म्हणजे जनरल मॅनेजर. डेस्मंड रिबेलो,
पस्तिशीचा, बुटात मोजे नाहीत.
"पण मॅडम, हॉस्पिटॅलिटीचा अनुभव?"
मी म्हटलं, गेटवर संपाला बसलेल्या
नव्वद टिप्परवाल्यांना मी स्वतः चहा वाटलाय.
तो हसला.
मी विनोद केला नव्हता.

आता चाळिशीत नवे शब्द गिरवते आहे.
इथं कामगार म्हणायचं नाही, असोसिएट म्हणायचं.
भोंगा नाही. पाळी बदलते
मागच्या जिन्यानं, कुणाला ऐकू न जाता.
तिथं बाप यायचा, मग त्याचा मुलगा यायचा,
सेवापुस्तकाला मी जादा पानं शिवायचे;
इथं ऑक्टोबरात रुजू झालेला
नाव पाठ होईपर्यंत दोह्याच्या विमानात,
नाहीतर बोटीवर.
मी प्रत्येकाला समोर बसवून विचारते, का सोडतोस?
तिथं हा प्रश्न कधी विचारावा लागला नाही.
सोडायचं काम आमच्याकडे होतं.

दारावरची पाटी मात्र तीच, मनुष्यबळ विभाग.
बळ कुणाचं, ते पाटीवर लिहीत नाहीत.

स्टाफची बस मडगावहून सव्वासहाला सुटते.
तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं आरसा जरा खाली केला.
"मॅडम, तुमी हांगा?"
चेहरा आठवला नाही.
टोकन नंबर आठवला, चारशे सतरा.
मग नाव. उल्हास वेळीप.
मग तो शनिवार :
तीनशे बारा पत्रं, प्रत्येकाखाली माझी सही,
निळं पेन मध्येच संपलं म्हणून पुढची काळ्यात.
याचं कुठल्या शाईतलं होतं
ते विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

पत्राचं तोही बोलला नाही.
बोलला पीएफचं. अजून अडकलाय.
कंपनीच्या कागदावर वेळीप, आधारवर गांवकर,
घरात दोन्ही चालतात, सरकारात एकच;
आणि जन्मतारीख एक जून,
म्हणजे मास्तरांनी लिहिली ती.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत
स्टाफ कॅन्टीनच्या टेबलावर, हुमणाची वाटी बाजूला सारून,
मी त्याचा दुरुस्तीचा अर्ज भरला.
ती कंपनी आता माझी नाही.
तिच्या गेटावर कुलूप आहे आणि कुलपावर वेल.
पण तिच्या वतीनं सही करू शकेल असा एकच माणूस उरलाय
हे मला ठाऊक आहे : शांबा कामत,
फोंड्यात टाइल्सचं दुकान,
दुपारी दोन ते चार फोन उचलत नाही.
चार वाजून एक मिनिटानं लावला.

प्रोबेशनच्या फॉर्मवर एक रकाना आहे :
पूर्वीच्या क्षेत्रातून आपण सोबत काय आणलंत?
डेस्मंडनं दोनदा आठवण केली.
एकदा लिहिलं, "कागदपत्रांची सवय."
खोडलं.
रकाना तसाच आहे.

वार्क्याच्या वळणावर उल्हास अजून
खाणीचा हॉर्न मारतो, लांब, दोनदा,
समोरून भरलेला टिप्पर येतोय असा.
समोर असते एखादी स्कूटर, पोदेराची सायकल.
मागची असोसिएट पोरं खिदळतात.
मी खिडकीबाहेर बघत असते,
तरी माझा हात
आपोआप पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरतो.