सातवी फळी

दुकानाला दार नव्हतं. फळ्या होत्या अकरा,
सागवानी, प्रत्येकीवर गेरूचा आकडा.
आष्ट्याच्या पेठेत, उंबऱ्याच्या दगडात
त्यांच्यासाठी एक खाच, बोटभर खोल.
रात्री लावायच्या एकापासून अकरापर्यंत,
सकाळी काढायच्या उलट्या.
चुकलं की तराजूमागून चौगुले अण्णा,
"दस्तगीर, पाढे बापाकडनं शिकलास काय रं?"
(बाप हमाल. त्याला पोती मोजता यायची.)

सातवी फुगायची. श्रावणात तर
तिला खांदाच द्यावा लागे.

माडीवर आधी हुंडेकऱ्याचं बिऱ्हाड,
मग दाताचा डॉक्टर, जो दोनच वर्षं टिकला,
मग टायपिंगचा क्लास.
खाली हळदीची पोती फुटत,
वर जाणाऱ्या पोरींची पिवळी पावलं
पायऱ्यांवर उमटत जात.
"लग्नाआधीच लागली गं!" म्हणून त्या हसत,
आणि मी झाडू घेऊन उगाच उभा.

शहात्तर साली थोरल्यानं कोल्हापूरहून शटर आणलं.
बघायला सगळी पेठ जमली.
माझं अर्ध्या तासाचं काम
एका खर्र्‌मध्ये जमिनीला टेकलं.
"आता तू मोकळा," थोरला म्हणाला.
चांगल्या मनानं म्हणाला असावा.

फळ्यांतल्या दोन गोठ्यात गेल्या,
एकीवर शिवाप्पा परीट इस्त्री करायचा,
चार धाकटीच्या लग्नात चुलाणाखाली.
बाकीच्यांचं ठाऊक नाही.
सातवी मी मागून घेतली.

त्याच गाळ्यात पुढे खतं-औषधं,
कॅसेटी, मोबाईलची कव्हरं,
आणि एकदा नुसतंच कुलूप, चार वर्षं, भावाभावांतलं.
आता बँकेचं एटीएम. गार हवा, पांढरी फरशी.
उंबरा तेवढा निघाला नाही.
ठेकेदारानं दोन पहारी वाकवल्या नि सोडून दिला.

"चाचा, जपून, खाच आहे," वॉचमन पोरगा म्हणतो,
दर महिन्याला, पेन्शनच्या दिवशी.
मी बरं म्हणतो.
डावा पाय आपोआप तिच्यात बसतो.

घरी सातवीवर डबे आहेत, चहाचा, साखरेचा,
आणि पावसाळ्यात ती अजून फुगते,
डबे पुढं सरकतात, बायको वैतागते.

यंत्र चार आकडे विचारतं.
ते कुणाला सांगायचे नसतात.
पहिला सात आहे.