खरखर

एकात एक बसवलेली दोन बटणं:
आतलं आवाजाचं, बाहेरचं स्क्वेल्चचं.
इनासियोनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं,
बाहेरचं फिरव खरखर थांबेपर्यंत,
मग केसभर पुढे, आणि हात काढ.
बोलणारा बोलला की दार उघडेल,
गप्प झाला की मिटेल.
इंजिन आत येता कामा नये.

चार वर्षं मी ते तसंच ठेवलं.
दाबोळीला नौदलाची विमानं आधी,
मग मुंबईचं, मग दिल्लीचं, मग आमची चार सीटांची चिमणी;
एवढ्या रांगेत मागे उभं राहायचं
तर टॉवरचा एक शब्द सांडून चालत नाही.

आज उजव्या सीटवर बाबा.
कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवीत चपला.
विमानात चपला घालू नयेत
हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.
हेडसेट चढवला, माइकचा फोम ओठांना टेकवला,
म्हटलं, बोला काहीतरी.
ओठ हलले.
माझ्या कानात काही नाही.
जरा मोठ्यानं.
ते हसले. तेही आलं नाही.

मोठ्यानं बोलायची सवयच कुठे होती.
चाळीस वर्षं चोडणच्या खाजनात मानस राखली.
भरतीचं पाणी मापानं आत घ्यायचं,
ओहोटीला सोडायचं, सोडताना तोंडाशी जाळं.
कोरगूट खारं सोसतं, पण बेतानंच.
रात्री जाळ्यापाशी कुजबुजही नको,
सुंगटांना कान असतात म्हणायचे.
घरीही तोच आवाज.
आई वैतागायची: मला सांगताय की भिंतीला?

उडालो.
जुवारी मागे पडली, तिच्यावरच्या बार्जी,
पूल, पुलावर काड्यापेटीएवढी कदंबा.
मांडवी ओलांडली तसं त्यांनी काचेवर बोट टेकवलं
आणि कानात आलं,
"...नस."
काय?
"...नस."

दार उघडेपर्यंत शब्दाचं डोकं बाहेरच राहिलेलं.
खाली पाहिलं, तर खरंच नस:
मातकट, वळसे घेत
बांधाच्या कुशीतून शेतात शिरणारी.
क्षणभर वाटलं, हेच दाखवतायत.

मग बाहेरचं बटण धरलं. मागे. आणखी मागे.
इंजिन आत आलं.
दाराच्या फटीतला वारा आला.
त्यांचा श्वास, श्वासामागची बारीक शिट्टी,
ही कधीपासून?
आणि त्या सगळ्यावर तरंगत, अख्खं:
"मानस. आमची मानस.
फळी एका बाजूनं कुजलीय, बघ."

दीड हजार फुटांवरून फळी दिसत नाही.
मी बघितली.

आता कोण बसतं तिथं?
"कोणूच ना.
पाणी आपलं आपण येतं, आपलं आपण जातं."

एवढ्यात टॉवर.
बाबांचा आवाज खाली, टॉवरचा वर,
उंची सांगितली, दिशा सांगितली,
मग टॉवर खाली, बाबा वर.
मधल्या आठ-नऊ सेकंदांत ते बोलतच होते,
ओठ दिसत होते मला.
परत विचारायचं राहून गेलं.

बाकीचा वेळ आम्ही दोघं खरखरीत बसलो.
ते एकेक शेत नावानं सांगत होते,
कुणाचं, कुणाला विकलं,
कुठे आता नुसती खारफुटी.
मी "हूं" म्हणत होते,
माझा "हूं"सुद्धा पूर्ण जात होता.

उतरल्यावर पायरीवर बसून चपला घालता घालता
म्हणाले, "ते बटण.
जरा जास्तच सोडलंस."

सोमवारी इनासियोनं नोंदवही पुढे केली.
कुणा विद्यार्थ्याची तक्रार:
इंटरकॉममध्ये सतत खरखर.
त्यानं बटण फिरवलं, शांत झालं,
मग केसभर पुढे.
कारणाच्या रकान्यात काय लिहू, म्हणाला.
मी खाली सही केली.
रकाना तसाच.