चार इंच

चार इंच वर उचलली जीप रूपचंदनं.
नागपूरहून पेटी आणली, तिच्यात नवे पाटे,
काळे, कोरे, ग्रीस न चाटलेले,
अन् लाल रंगाचे चार शॉकअप.
आता तलावाच्या पाळीवर चढते, म्हणाला,
आता सांडव्यात पोट घासत नाही.
खरंच, घासत नाही.

पण तळोधी सुटली की नवरगावपर्यंत
पाठीचा मणी न् मणी मोजून होतो.
जेवणाचा डबा आपोआप उघडतो,
अन् मागं, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत
नखाएवढी रोहू, कटला, मिरगल
खड्ड्याखड्ड्याला एकमेकींवर आदळतात.
एकदा पाण्यात पिशवी सोडली
तर निम्मं बीज पांढरं पोट वर करून.
सोसायटीच्या वहीत लिहिलं, वाहतुकीत मर.
सही माझी.

"मागं गोटे भर," दुर्योधन म्हणाला.
तेही केलं दोन दिवस,
मासोळीसोबत गोटे हिंडवले
या तलावावरून त्या तलावावर.

शेवटी सिंदेवाहीच्या रस्त्यावरचा कवडू मिस्त्री.
त्यानं आधी गाडी पाहिली नाही,
माझं उतरणं पाहिलं:
एक पाय, मग थांबा, मग कमरेवर हात, मग दुसरा.
"हवा किती?"
"पस्तीस."
"कायले जी? टरक आहे का हा?"
सूं करत सोडत बसला चोवीसपर्यंत.

मग पाटे सोडले. सात होते.
सगळ्यात खालचा जाडा, अन् त्याच्या वरचा,
दोन्ही काढून भिंतीला टेकवले.
"हे सिमेंट वाहणाऱ्याले लागतात. पाण्याले नाही.
इंचभर खाली येईल पण गाडी."
रूपचंदचा चेहरा इंचभर खाली आला.
"येऊ द्या," मी म्हणालो.

उरलेल्या पाचांच्या मध्ये ग्रीस,
टोकांना फुटक्या पाणटाकीच्या कापलेल्या पट्ट्या,
लोखंडानं लोखंड चावू नये म्हणून.
लाल शॉकअप त्यानं छातीला लावून दाबला,
दाबला गेला नाही. माझ्या हाती दिला.
मी दाबला. दुर्योधननं दाबला, दात खाऊन.
"हा याच्याहून दुप्पट गाडीचा जावई आहे,"
कवडू म्हणाला, अन् कोपऱ्यातून जुने काढले,
मऊ, पण तेल न गळणारे.

सगळ्यात शेवटी पाना.
"हे बोल्ट कुठं कसले होते?"
"जॅकवर," रूपचंद म्हणाला. "चाकं लोंबत होती."
"मंग कसं होईल बाप्पा!
हवेत कसलेला बोल्ट रबराले पिळून धरते.
गाडी खाली आली तरी त्याले वाटते, आपण वरच आहो.
आधी टेकू द्या तिले. वजन येऊ द्या.
तिची जागा तिले सापडू द्या. मंग कसा."
आम्हा तिघांना गाडीत बसवून
झोपाळ्यागत हलवायला लावलं,
अन् स्वतः खाली पाठीवर पडून
थांबा, थांबा, आता, म्हणत कसत राहिला.
वरून फक्त त्याच्या चपला दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी वीस पिशव्या भरल्या.
कोटगावच्या नाल्यापाशी तो खड्डा आला,
तोच, ज्याला मी शिव्या नावानिशी देतो.
सवयीनं स्टिअरिंग धरून बूड उचललं, दात आवळले.
गाडी वाकली, उठली,
म्हैस पाण्यातून उठते तशी,
अन् पुढं गेली.
मी तसाच, अर्धा उभा.
"काका," रूपचंद म्हणाला, "खाली बसा."

तलावावर पिशवी पाण्यात ठेवली,
पाणी पाण्याला ओळखेपर्यंत थांबलो,
मग गाठ सोडली.
क्षणभर काहीच नाही. मग सगळी एकदम गेली.
वीस पिशव्यांत मेली ती अकरा.
वहीत अकरा लिहिले.

काढलेले दोन पाटे
अजून कवडूच्या भिंतीला टेकून आहेत.
भंगारात देऊ नका म्हणतो,
चांगलं लोखंड आहे, धानाच्या कापणीआधी
विळे पाडून देतो चार.