दोन सूत

डॉक्टर म्हणाले, सहा मिलिमीटर.
मी मनातल्या मनात टेप लावली : दोन सूत.
ब्लाउजचा गळा दोन सूत चुकला
तर गिऱ्हाईक शिलाई थांबवतं.

पोवई नाक्यावरचा दवाखाना,
टेबलावर समीक्षाचा जबडा, प्लास्टरचा.
दाढांवर दाढा घट्ट बसलेल्या
आणि पुढं वरचे दात वर, खालचे खाली,
मधल्या फटीतून
पलीकडची खिडकी दिसत होती.

अंगठा चोखायची?
हो म्हणाले. किती वर्षं, ते नाही सांगितलं.
लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन,
पायडलाशेजारी गोधडीवर ती,
तोंडात अंगठा. रडायची नाही.
मला तेवढंच हवं होतं.
नंतर कडुलिंब लावला, मिरची लावली,
हाताला मोजे शिवले.
दुसरीत अंगठा सुटला,
त्याची जागा जिभेनं घेतली.

आता टाळूला तारेचं कुंपण.
दाढांना कड्या, मधे चार बारीक गज.
ही शिक्षा नाही हं, डॉक्टर तिला म्हणाले,
जिभेला तिचं घर दाखवायचंय.
माणूस दिवसातून हजारदा तरी गिळतो,
हिची जीभ हजारदा दार ढकलते.

रहिमतपूरच्या एस्टीत बसले
आणि माझी जीभ मला पहिल्यांदा सापडली.
आवंढा गिळला, ती वर जाऊन टेकली.
पस्तीस वर्षं, कुणी न शिकवता.
पुन्हा गिळला. पुन्हा.
शेजारची बाई म्हणाली, मळमळतंय का हो?

पहिला आठवडा आमटीभात.
शितं गजांत अडकायची,
ब्रश घेऊन ती मोरीत अर्धा अर्धा तास.
शाळेत हजेरीला नुसता हात वर.
आधी निदान 'थमीक्षा' तरी म्हणायची.

पाचव्या फेरीला साडेतीन.
म्हणजे एक सूत नि वर थोडं, मी म्हणाले.
डॉक्टर हसले,
मग पट्टी त्यांनी माझ्याच हातात दिली.

काल हूक लावत बसले होते.
दोरा दातानं तोडायची माझी सवय,
तीही बघून बघून तोडायला जाते.
दोरा फटीतून निसटतो, नुसता ओला होतो.
कालही निसटला.
पण ती थांबली, दोऱ्याकडं बघत राहिली.
घासला, आई.
घासला म्हणाली की घाथला,
समोरची गिरणी चालू होती, नीट कळलं नाही.
पुन्हा म्हण, असं काही मी म्हणाले नाही.
कात्री हाताशीच होती. तीही दिली नाही.
रिळाचा दोरा वीतभर ओढला
आणि तिच्यापुढं धरला.